नरसाक्काची मरीआई

नरसाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते भरलेली घागर रस्त्यावर ओतताना. औरादजवळच्या आमच्या वस्तीत मी नुकतीच नांदायला आले होते. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव, पाणी आणायचं लांबच्या ओढ्याचं. आणि ही शेजारीण ते धुळीवर ओतत होती! मला हसू आलं. ती म्हणाली, "हसायलीस कामून? लॉरी आली की कळंल."

कळलं. निजामाचं राज्य होतं. कापसाच्या गाठी बीदरला नेणाऱ्या लॉऱ्या गावातून गेल्या तर वेशीची कमान पडेल, म्हणून पाटलानं त्यांना आमच्या दारांवरून वाट काढून दिली होती. भाकरीत धूळ, अंथरुणात धूळ. कोंबड्या, शेळ्या चाकाखाली जायच्या. नरसाक्का पाटलाच्या हातापाया पडून आली, ड्रायव्हरांना आडवी गेली, "वस्तीतनं हळू न्या रं" म्हणाली. कोण ऐकतंय!

"माणसाला भीत न्हाईत, देवाला तर भितील," म्हणाली, आणि ओढ्यातला एक गोटा शेंदूर फासून रस्त्याकडेला बसवला. झाली मरीआई! बाईचं डोकं भारीच. ड्रायव्हर हिंदू असो की मुसलमान, वाटेवरच्या देवाला डावलायची त्याची छाती नव्हती. लॉऱ्या थांबू लागल्या, नारळ फुटू लागले. आम्ही तिला डोक्यावर घेतलं.

पण फुटल्या नारळाचं खोबरं पोरांचं. लॉरीचा आवाज आला की वस्तीतली पोरं रस्त्याकडे धावायची. अशी काही वर्षं गेली. एक दिवस माझी चार वर्षांची लेक सुंदराही धावली. पुढची लॉरी थांबली होती. तिच्या धुळीत मागच्या लॉरीवाल्याला माझी पोर दिसलीच नाही.

तिला पुरून आलो तेव्हा नरसाक्का माझ्या पायांवर पडली. "पोरी, मीच बोलावलं गं लेकराला रस्त्यावर." मी तिलाच धरून रडले. आईच्या जागी दुसरं कोण होतं मला?

दुसऱ्या दिवशी तिनं तो गोटा उपटला. वस्ती हादरली. "अक्का, आई कोपंल!"

"कोपू दे. माझ्यावर कोपू दे, लेकरांवर नगं."

मग लॉरी आली की ती स्वतःच हात पसरून रस्त्यात उभी राहायची, पोरं आत जाईपर्यंत. ड्रायव्हर शिव्या घालायचे. धुळीनं खोकला जडला, आणि त्यातच ती गेली. लोक म्हणाले, आई कोपली. मला विचाराल तर तिला धुळीनं खाल्लं.

तिला नेताना मागून एक लॉरी आली. पुढं जायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही. वस्ती संपेपर्यंत ती लॉरी आमच्या मागून पावलापावलानं येत राहिली. मी वळून वळून बघत होते आणि माझं रडं थांबत नव्हतं. जिवंतपणी तिनं एवढंच तर मागितलं होतं.