तपासणीच्या दिवसाचं तेल

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत हे दगडाला भोकं पाडत. खोकला होताच, पुढे हातांची बोटंही सुजून आखडली. खाणीच्या डॉक्टरांची तपासणी असली की मी पहाटे मोहाचं कोमट तेल चोळून ती सरळ करून देई.

"हात दिसले तर घरी बसवतीन," हे म्हणत.

"मंग बसा ना घरी."

"तुह्या धाकात? त्याहून खाण बरी."

मी हसून चोळत राहायची.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, मग हात. धुळीने फुप्फुसात गाठी झाल्या होत्या आणि या संधिवातात त्या लवकर वाढतात, म्हणाले. "हात आधी कुणाला दाखवले नाहीत?"

"तवा चांगले होते, साहेब," हे म्हणाले.

हे माझ्यासाठी खोटं बोलले. तेल चोळणारे माझे हात मी पदराखाली घेतले.