अरबी समुद्राचा ले-आउट

“रस्ता कुठं हाये, रस्ता?” बुलढाण्यातल्या माझ्या बैठकीत एक अनोळखी म्हातारा भिंतीवरच्या नकाशावर ओरडत होता. “समदं पानीच दाखवून राह्यले!”

ते पाणी म्हणजे अरबी समुद्र होता. जुन्या नकाशांच्या प्रती फ्रेम करून मी भिंती अशा भरल्या होत्या, की पालीला छतावर जायचं तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. पण आमच्याकडे नकाशा टांगलेलं घर दिसलं, की ते प्लॉट विकणाऱ्याचंच असणार. निम्मा जिल्हा भाव विचारून गेला होता. “आता आनखी एक जरी आला, तर हे समदं खाली उतरवा,” असं बायकोनं सकाळीच बजावलं होतं, आणि ती दारातच उभी होती.

म्हाताऱ्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. उपरण्यानं काच पुसून तो समुद्र वितीनं मोजत होता. चितारलेल्या देवमाशापाशी त्याचं बोट थांबलं.

“इथं तळं हाये वाटते. जलम भाड्याच्या खोलीत गेला भाऊ, आता तळ्याजवळच घेतो.”

भिंतीवर अख्खं जग होतं, आणि त्याला त्यात एका घरापुरती जागा हवी होती. माझा राग क्षणभर विरघळला. मग त्यानं श्रीलंकेला विहीर म्हटलं.

“अहो बाबा, तीनशे वर्षांपूर्वीचा नकाशा हाये हा!” मी किंचाळलो.

त्यानं हात मागे घेतला.

“मंग कोपऱ्याचे प्लॉट गेलेच असतीन.”