बारावं घर

कोपनहेगनमधल्या चार दिवसांसाठी मी अकरा घरं पाहिली आणि अकराही नाकारली. एकाची शेगडी आपल्या कुकरला चालणारी नव्हती, दुसऱ्याच्या खिडक्यांना पडदे नव्हते. तिकडे बरेच जण पडदे लावतच नाहीत म्हणे.

"अगं, राहायचंय की मुलगी द्यायचीय त्या घरात?" हे म्हणाले.

बारावं घर सगळ्या दृष्टींनी सोयीचं होतं. फोटोत खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. मुलं परगावी गेल्यापासून आम्ही दोघं टीव्हीकडे बघतच जेवतो. तिथे एकमेकांशी काय बोलणार, मला सुचेना. नको म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी हळूच विचारलं, "इथे टीव्ही नाही वाटतं?"

"नाही," मी म्हणाले आणि ताबडतोब बुकिंग करून टाकलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.