हेमराजभाऊंचा होकार

असोद्याच्या हेमराज नारखेडेंना सातव्या वर्षी ताप आला, तो एकवीस दिवस हटला नाही. हटला तेव्हा डावा कान पुरता आणि उजवा निम्म्याहून जास्त घेऊन गेला. पोरगा जगला याचाच घरात एवढा आनंद झाला की कानांचं काय झालं ते लक्षात यायला शाळा उघडावी लागली.

तेव्हापासून त्यांनी एक युक्ती अंगी बाणवली. लोक हसले की हसायचं, आणि बोलता बोलता थांबून आपल्याकडे बघायला लागले की मान हलवून हो म्हणायचं. हो म्हटलं की माणसं समाधानाने पुढे जातात. नाही म्हटलं की कारण विचारतात, आणि तेही ऐकू येत नाही. या युक्तीपायी एकदा न्हाव्याने त्यांची मिशी उडवली. एकदा कंडक्टरने काहीतरी विचारलं, भाऊंनी मान हलवली आणि पाळधीला उतरायचं ते धरणगावला जाऊन पोचले. तिथे चहा प्याले, परतीची गाडी धरली आणि घरी सांगितलं की धरणगावात जरा काम निघालं होतं. 'मला ऐकू आलं नाही' हे चार शब्द म्हणण्यापेक्षा त्यांना मिशी गेलेली परवडत होती. अशा माणसाचा राग येतो, पण त्याला दोष द्यायचा तर बहिऱ्यांना आपण कसं वागवतो ते आधी आठवावं लागेल.

पुढे अपंगांसाठी राखीव जागेवर ते जळगावातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक झाले. कोणतं कार्यालय ते विचारू नका, धरणाच्या पाण्याशी संबंध असलेलं, एवढं पुरे. टिपणी लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्र अवघड असलं की साहेब म्हणायचे, नारखेडेंकडे द्या. कागद त्यांच्याशी हळू बोलत नाही आणि पाठ फिरवूनही बोलत नाही, म्हणून कागदावर त्यांचा जीव. वीस-बावीस वर्षं नोकरी अशी सरळ गेली.

मधे कुंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आपल्या पाटल्या मोडून त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. मशीन लावून भाऊ घरी आले, तेव्हा कुंदाबाई आणि लेक ऋतिका दारातच उभ्या होत्या. मशीनने झालं होतं एवढंच की पंख्याची घरघर, रिक्षाचा हॉर्न आणि भांड्यांचा खणखणाट डोक्यात घण घालत होता. माणसांचं बोलणं त्या गोंगाटात पूर्वीसारखंच बुडून जायचं. पण बायकोच्या मोकळ्या मनगटांकडे बघून ते कसं सांगणार? ते म्हणाले, सगळं ऐकू येतं आता. त्या दिवसापासून मायलेकींनी समोर येऊन, कोपराला हात लावून बोलणं सोडून दिलं. आता गरजच काय, असं त्यांना वाटलं.

तीन वर्षांपूर्वी कार्यालयात नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी कामाची फेरवाटणी केली आणि पावसाळ्याच्या पूर नियंत्रण कक्षात, टेलिफोनवर, हेमराज नारखेडेंची नेमणूक केली. बहिऱ्याला टेलिफोन! चूक असेल म्हणून भाऊ आदेश घेऊन आत गेले. साहेब म्हणाले, राखीव जागेवर पगार घेताना अपंग नाही वाटत, काम सांगितलं की बरे अपंग होता. हे मात्र साहेबांनी मान वर करून, ओठ स्पष्ट हलवून सांगितलं, त्यामुळे भाऊंना एकूण एक शब्द कळला.

कार्यालयाला करमणूक झाली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी फोन लावायचं, भाऊ "हो, हो" म्हणायचे आणि पलीकडे हशा पिकायचा. दोन पावसाळे त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये नदीकाठच्या एका गावातून शेतकऱ्याचा फोन आला. आज पाणी सुटत नाही ना, एवढंच त्याने विचारलं होतं. भाऊंनी सवयीने सांगितलं, हो, हो. पाणी सुटलं आणि त्या गावाच्या पाणी उपसायच्या चार मोटारी वाहून गेल्या. माणूस गेला नाही हे नशीब म्हणायचं.

भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. हो आपणच म्हणालो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना नोटीस मिळाली आणि महिन्याभरात त्यांच्या सेवापुस्तकात 'बेजबाबदार' असा शेरा पडला. ज्या सेवापुस्तकावर पंचवीस वर्षांत शाईचा डागसुद्धा नव्हता, त्यात तो शब्द वाचून त्यांच्यातलं काहीतरी उठून उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी टिपणी लिहिली. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा, प्रमाणपत्राची प्रत, नेमणुकीचा आदेश, सगळं जोडून त्यांनी धुळ्याच्या वरिष्ठ कार्यालयात तक्रार केली. मागणं दोनच होतं. टेलिफोनचं काम काढा आणि तो शब्द खोडा.

तक्रारीवर साहेबांनी खुलासा दिला. अर्जदार कानाचे यंत्र वापरतात, सर्वांशी व्यवस्थित बोलतात, ऐकू येत नाही असे त्यांनी आजवर कधीही सांगितलेले नाही. सोबत सहकाऱ्यांचे जबाब होते. त्यात पितांबर वाणींचाही होता, ज्यांच्याबरोबर भाऊ वीस वर्षं एका डब्यात जेवले. वाणींनी लिहिलं होतं की मी रोज त्यांच्याशी बोलतो आणि ते रोज मला हो म्हणतात. भाऊंनी तो जबाब दोनदा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं, हेच त्यांना सहन झालं नाही.

धुळ्याला सुनावणी लागली ती एप्रिलच्या सुरुवातीला. ऋतिका धुळ्यातच दिलेली. भाऊ सकाळच्या बसने पोचले आणि आधी तिच्याकडे गेले. तिने चहा दिला, प्रवास नीट झाला का विचारलं आणि आत निघून गेली. लग्न झाल्यापासून ती वडिलांशी अशीच, पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. संसाराला लागलेली पोर, कामात असेल, अशी भाऊ मनाची समजूत घालत.

सुनावणीच्या खोलीत कोपऱ्यात भला मोठा कूलर चालू होता. मशीनमधून त्याचा आवाज भाऊंच्या डोक्यात गिरणीसारखा फिरू लागला. समोर चौकशी अधिकारी बाई, बाजूला साहेब आणि भाऊंच्या कार्यालयातून कागद घेऊन आलेला शिपाई चुडामण. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी भाऊंना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग खाली बघून एक कागद वाचायला लागल्या. खाली बघून वाचणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. भाऊ बघत राहिले. कूलर बंद करा, वर बघून वाचा, मला ऐकू येत नाही; यातलं काहीही म्हणायचं होतं आणि त्यासाठीच तर ते शंभर किलोमीटर आले होते. पण खोलीत सगळे शहाण्यासारखे ऐकत बसले होते, बाहेर पुढच्या सुनावणीची माणसं ताटकळत होती. वाचून संपवून बाईंनी वर पाहिलं आणि थांबल्या. भाऊंनी मान हलवली.

बाईंना बरं वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. साहेब हसले. कागद सहीसाठी पुढे आला. न वाचता सही करू नये, हे भाऊंनी पंचवीस वर्षांत किती नवख्या कारकुनांना शिकवलं असेल! पण आता वाचायला घेतलं असतं तर मघाशी ऐकलंच नव्हतं हे उघड झालं असतं. त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी निकालाचं पत्र आलं. फोनची जबाबदारी आलटून-पालटून सर्वांनाच दिली जाते, यात भेदभावाचा हेतू नव्हता, हे अर्जदारास मान्य असून त्यांनी समक्ष संमती दर्शविल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाठोपाठ जूनपासूनच्या कामाचा आदेश निघाला, त्यात टेलिफोनसमोर पुन्हा भाऊंचंच नाव. ते पत्र हातात घेऊन सुन्न बसलेले असताना चुडामण जवळ आला. तो साक्रीकडचा, मनाने चांगला.

"भाऊ, मान ते तुम्हीच हालाई," तो त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "बठ्ठासनी देखं." सगळ्यांनी पाहिलं होतं, हे खरंच होतं.

कुंदाबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "त्या बाईनं इचारलं तरी काय तुम्हाले?" भाऊ म्हणाले, माहीत नाही. कुंदाबाईंनी त्यांच्या कानाकडे पाहिलं. मशीन कानातच होतं. त्या दिवसापासून त्या पुन्हा समोर येऊन बोलायला लागल्या, आणि भाऊंना त्याची इतकी लाज वाटली की ते त्यांची नजर चुकवू लागले.

अपिलाला मुदत होती तीस दिवसांची. अपील करायचं म्हणजे मान का हलवली ते लिहायचं. पन्नास वर्षं जे झाकलं ते सरकारी कागदावर मांडायचं, आणि तो कागद आवक कारकुनापासून साहेबापर्यंत सगळे वाचणार. भाऊंनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी पहाटे उठून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन पानं लिहून काढली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ऋतिका माहेरी आली. रिवाज म्हणून येते, दोन दिवस राहते आणि जाते. सणाच्या सकाळी स्वयंपाकघरात आमरसाची तयारी चालली होती. कुंदाबाईंनी तिला पपांचा अर्ज तेवढा लॅपटॉपवर टाइप करून दे म्हटलं. ती ओसरीवर बसून कागद बघत टाइप करू लागली. भाऊ शेजारी, तिच्या हातांकडे बघत होते. दुसऱ्या पानावर हात थांबले.

तिथे लिहिलं होतं: 'मी मान हलवली ती संमती नव्हे. मला ऐकू आले नाही की मी मान हलवतो. यंत्र लावूनही माणसांचे बोलणे मला समजत नाही. ही गोष्ट मी कार्यालयातच नव्हे, घरीही लपवली आहे.'

ऋतिकाने लॅपटॉप बाजूला ठेवला. उठून ती वडिलांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"पपा, माझ्या लग्नाची सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी तुम्ही अंगणात गाडी पुसत होता. मी मागे येऊन उभी राहिले होते. आठवतं?"

आठवत होतं. चाहूल लागून त्यांनी वळून पाहिलं होतं. लेकीचे डोळे भरलेले होते आणि ती काहीतरी बोलून थांबली होती. सासरी जायचं म्हणून पोरीला भरून आलं, असं त्यांना वाटलं. त्यांचंही मन भरून आलं होतं. त्यांनी मान हलवली होती आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"मी काय म्हणाले होते?"

भाऊंच्या घशाशी आलेला हो तिथेच अडला. "मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

ऋतिका रडली नाही. तिने सावकाश, ओठ नीट उघडून, तेच शब्द पुन्हा म्हटले. "पपा, मला हे लग्न नको आहे. मला नाशिकला पुढे शिकायला जायचं आहे. तुम्ही उद्या त्यांना नाही सांगा." मग म्हणाली, "तुम्ही मान हलवली. रात्री मी बॅग भरायला घेतली होती. सकाळी तुम्ही सुपारी फोडली. मला वाटलं, माझं सगळं ऐकून तुम्ही हे केलं."

पाच वर्षं झाली होती. तिचा नवरा वाईट नव्हता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, आणि या पाच वर्षांत तिने वडिलांकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. एकदा सांगून पाहिलं होतं, तेवढं तिला पुरलं होतं. भाऊंना हे सगळं एकदम कळलं. लेक आपल्याशी कमी बोलते म्हणून आपण मनातल्या मनात तिला बोल लावत होतो, हेही त्यांना आठवलं. शेजारी तो अर्ज पडला होता. अपिलाच्या मुदतीचे उरलेले दिवस त्यावर मोजून लिहिले होते. त्या अर्जाने फार तर टेलिफोन सुटला असता.

त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि पायरीवर ठेवलं. जरा पुढे सरकून बसले, तिचा चेहरा उजेडात येईल असे.

"परत सांग, बेटा," ते म्हणाले. "सगळं सांग. मला घाई नाही."

आतून कुंदाबाईंनी दोनदा हाक मारली, ताटं वाढलीत म्हणून. ऋतिकाने आईला हातानेच थांब म्हणून खुणावलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.