कावळा शिवला बाटलीला

भावाच्या दहाव्याचं आटोपून आलेली वनिता त्याच्या, भरतच्या, पंखे-मोटारी दुरुस्तीच्या दुकानातल्या सतरंजीवर आडवी होते, ती काही झोपायला नव्हे. घरात शामकाका बसलेत आणि त्यांचं तोंड बघायची तिची तयारी नाही. डोळे मिटतात तेही रागानंच.

सकाळी घाटावर पिंड ठेवला, तर कावळे झाडावरून हलेनात. वनितानं हात जोडून भावाला शब्द दिला, “भरत, तेजूला मी नेते. तुझी आईविना पोर, माझ्या घरी वाढवीन.” कावळे ढिम्म. मग काकांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, ज्या औषधाच्या नशेत भरत गेला तीच, आणि पिंडावर ओतली. लगेच दोन कावळे झेपावले. “बघ,” काका म्हणाले, “तुझा शब्द त्याला मान्य न्हवता. पोरीला वसतिगृहात टाकू.” जमलेल्यांनी माना डोलावल्या.

“आक्का, जरा बोट दे.”

भरत समोर बसलाय. मांडीवर पंपाची उघडलेली मोटार, हातात तांब्याची तार. उरल्यासुरल्या तारेची तो तेजूला अंगठी करून द्यायचा, तशी तो तार वनिताच्या बोटाभोवती फिरवतो.

“लाज न्हाई वाटत?” वनिता म्हणते. “पोरीचं बोलले तर आला नाहीस. बाटली ओतली की धावलास. मेल्यावरसुद्धा?”

“तो मी न्हवतो, आक्का.”

“हेच! जन्मभर हेच ऐकवलंस. तेजू शाळेच्या फाटकाशी तुझी वाट बघत अंधार पडेस्तोवर उभी होती, तवा पण तू न्हवतास. कोण होतं मग?”

दुकानाचं शटर म्हणजे आता शाळेचं फाटक आहे. गजांना तेजूचं दप्तर लटकतंय, आणि भरत फाटकाच्या आत आहे. तार मात्र तशीच ताणलेली, तिच्या बोटापासून त्याच्या हातापर्यंत. तो वर पंख्याकडे बघतो. शाळेच्या फाटकावर पंखा आहे, त्याचं तिला नवल वाटत नाही.

“आतल्या तारेचं वाइंडिंग जळलं की पंख्याचं काय होतंय? बटण चालू, करंट जातोय, नुसता गुणगुणतोय. फिरत न्हाई. डोक्याचं तसंच झालं बघ. आधी झाकणभर घेतलं की बरं वाटायचं. मग बाटलीनंबी वाटंना. तेजू गळ्यात पडली तरी आत काही हलंना.”

“मजाच येत न्हवती, तर पीत कशाला होतास?”

“मजा गेली. पायजे पायजे तेवढं राहिलं.”

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. औषधानं मेंदूला फुकटचा आनंद पुरवला की तो स्वतःहून आनंद करायचं विसरतो, हाव तेवढी शिल्लक राहते. तेव्हा वनितानं मान हलवली होती. आत्ता तिला ते पटवून घ्यायचं नाही. पटलं तर रागवायचं कुणावर?

“जळलेलं वाइंडिंग काढून तू नवं भरायचास,” ती ओरडते. पायाखाली आता नदीचं पाणी आहे. “गावाच्या मोटारी दुरुस्त केल्यास. तुला दोनदा केंद्रात नेलं, दोनदा भिंतीवरून उडी टाकून पळालास!”

भरत तारेचं टोक पिळतो. मग म्हणतो, “पळालो. तो मीच.”

“मी तुला माफ करणार न्हाई.”

“नको करूस.” तो तारेला गाठ मारतो. “पण कावळ्याचं काय ऐकतीस? त्याला गोड लागलं, तो आला. त्याला तेजू काय ठावं?”

गाठ करकचून बसते. बोट दुखतं, आणि वनिता उठून बसते.

पंखा गुणगुणतोय, फिरत नाही. अंग घामानं भिजलंय. उजव्या हाताच्या बोटात तांब्याच्या तारेची अंगठी आहे. ती ओढून बघते, निघत नाही.

ती घरात जाते. काका तेजूची पिशवी भरत बसलेत.

“पोरगी माझ्याबरोबर येतीय, काका.”

“अगं, पण कावळा...”

“कावळ्याला विचारून पोरी वाढवतात होय?” ती पिशवी त्यांच्या हातातून हिसकावून घेते.

तेजू तिच्या बोटाकडे टक लावून बघते. मग हळूच गाठीवरून अंगठा फिरवते.

“आत्या, ही बाबांची गाठ हाय.”

“त्याचीच,” वनिता म्हणते. राग अजून तसाच आहे. ती तेजूचा हात धरते आणि चपला शोधायला लागते.