सरांच्या खुर्चीपुरती जागा

डोळा लागतोय की नाही, सुनीतीला काही कळत नाही. भर दुपारी विद्यापीठाच्या व्यायामशाळेत ती भिंतीकडेच्या गादीवर, डोक्याखाली कराटेचा पट्टा घेऊन पडली आहे. चार वाजता ब्लॅक बेल्टची परीक्षा. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने खेळायची लढाई, जिथे सुरू केली तिथेच संपवायची. आणि सकाळपासून वीस वेळा ती खडूच्या फुलीच्या वीतभर पुढेच येऊन थांबते आहे. जीव नुसता मेटाकुटीला आलाय.

"झोपल्या का सुनीतीबाई? अजून पूर्वरंगसुद्धा व्हायचाय."

मागच्या टोकाला लोखंडी खुर्चीवर कराटे शिकवणारे पाटणे सर बसले आहेत, हातात चहाचा पेला. श्रावणात वारलेले सर. तिला नवल वाटत नाही, राग येतो.

"सर, आज तरी खुर्ची हलवा! चार वर्षं सांगतेय."

"चहा सांडेल."

"सांडू दे!"

"तोंड चालतं तसे पाय चालव. इची! नी!"

ती वाकून नमस्कार करते. पहिला ठोसा सुटेपर्यंत व्यायामशाळेचा सभामंडप झालेला असतो. सर त्याच पांढऱ्या कराटेच्या वेशात, चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर उभे. मागे क्लबच्या मुली झांजा वाजवताहेत. आकडे जपानी, ठेका भजनाचा. खुर्ची मात्र तिथेच, तिच्या पाठीशी.

"बुवा केवढे फिरून येतात," सर म्हणतात, "पण शेवटी धरलेल्या अभंगावरच येतात ना? तू कुठे येतेस?"

"वीतभर पुढे! का, ते सांगा. कीर्तन पुरे!"

"मागे येतानाचं पाऊल आखूड कोण टाकतं?"

"तुमची खुर्ची मध्ये येते म्हणून! अख्ख्या क्लबला ती खोड लागलीय. खुर्चीखालच्या पेल्याला पाय लागला की वीस बैठका कोण काढायला लावायचं?"

सर ओशाळं हसतात. झांजा थांबतात. सभामंडपात आता दोघंच.

"अगं, मी कधीचा उठलोय. तूच जागा राखत बसलीस."

"मग कोण राखणार?" तिचा आवाज चिरकतो. "न सांगता उठून गेलात."

"चुकलंच माझं. टाक आता पाऊल."

पंखा गरगरतोय. घड्याळात साडेतीन. दाराला तिनेच घातलेली कडी तशीच आहे. खुर्ची नाही, ती ऑफिसवाल्यांनी केव्हाच उचलून नेली. पण ती असायची तिथे फरशीवर पेल्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ आहे. चहाचं.

"सांडलात ना शेवटी!" ती वैतागून पुटपुटते. पुसायला फडकं उचलते आणि तसंच ठेवून देते.

फुलीवर उभी राहून काता सुरू करते. मागे येताना या वेळी पाऊल पुरतं टाकते. टाच वर्तुळात पडते. कोमट लागते. मग दोन पावलं पुढे, शेवटचा ठोसा.

ती खाली बघते. टाचेखाली खडूची फुली चहाने भिजली आहे.