बाबा विरुद्ध ‘वरीलपैकी एकही नाही’

महापालिकेच्या निकालाच्या दिवशी मी दुपारच्या शिफ्टला निघाले होते. हडपसरहून हिंजवडीला, कंपनीच्या बसने. हा प्रवास इतका लांबतो की तेवढ्यात एखाद्या सरकारचा शपथविधी उरकून राजीनामाही होऊ शकेल. बस गच्च भरलेली, प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनवर कुठला पक्ष किती जागांवर पुढे त्याच्या रंगीत पट्ट्या. मला पक्षांशी काही देणंघेणं नव्हतं. मी माझ्या वडिलांना शोधत होते.

कारण वडील उभे होते. शनिवार पेठेतून, अपक्ष.

बाबा जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला मुद्रितं उरली नाहीत, म्हणून त्यांनी गल्ली तपासायला घेतली. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, वाण्याच्या फळ्यावरचं ‘साबूदाणा’, काही म्हणता काही सुटायचं नाही. माणसं त्यांना लांबून बघून पलीकडच्या बाजूने चालायला लागत.

एके दिवशी आमच्या खिडकीसमोर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्यावर ‘हार्दीक’. बाबांनी थेट त्यांच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, इतकं वाटतंय तर स्वतःच उभे राहा ना.” दुसऱ्या कोणाला हा टोमणा कळला असता. बाबा जाऊन अर्ज घेऊन आले.

चिन्ह मिळालं फुगा. आई म्हणाली, “शोभतंय.” प्रचाराला बाबा एकटेच हिंडले. दार उघडलं की पत्रक द्यायचं, आपली भूमिका दोन वाक्यांत सांगायची आणि निघताना त्या घराच्या पाटीवरची चुकलेली वेलांटी दाखवायची. मतं मागायची ही पद्धत जगात दुसरीकडे कुठेही चालणार नाही. पेठेतही ती चालेल असं आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हतं.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी मी माहेरी गेले, तर बाबा गॅलरीत बसून होते.

“निवडून येत नाही, एवढं कळतं मला,” ते म्हणाले. “पण नोटाच्या खाली जायचं नाही. ‘वरीलपैकी एकही नाही’! ज्याचं नावच अर्धवट वाक्य आहे, त्याच्याकडून हरायचं?” मग त्यांचा आवाज उतरला. “एवढी वर्षं या गल्लीत काढली गं. मी नको, दुसरा हवा, असं म्हणाले तर चालेल. पण याच्यापेक्षा कोणीच नको, असं म्हणाले तर उद्या दूध आणायला कसा जाऊ?”

बाबा हरण्याला घाबरत नव्हते, त्यांना दुधाच्या रांगेची भीती वाटत होती. माझं मत हडपसरला, त्यामुळे मी त्यांच्या काही कामाची नव्हते.

मतमोजणीच्या ठिकाणी जायला ते तयार नव्हते. मास्तर पेपर तपासत असताना त्यांच्या पाठीमागे जाऊन उभं राहण्यासारखं आहे ते, म्हणे. टीव्हीवर सगळे अपक्ष ‘इतर’ नावाच्या एका रकान्यात कोंबलेले. बाबांचा फोन बटणांचा. म्हणून मी फोनवर बघायचं आणि घरी कळवायचं, असं ठरलं होतं.

मी निकालाच्या साइटवर त्यांचं नाव टाकलं. ‘उमेदवार आढळला नाही.’ पुन्हा टाकलं. आढळला नाही. स्वारगेटच्या सिग्नलने आम्हाला भरपूर वेळ दिला, तरी उमेदवार आढळेना. अर्ज बाद झाला आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही की काय?

तेवढ्यात आईचा फोन. “काय गं?”

“बघतेय.”

तिच्या मागून बाबांचा आवाज आला, “खाली गेलो का?”

माझ्या शेजारी टीममधली अमरावतीची मैत्रीण बसली होती. माझी धडपड बराच वेळ बघून ती म्हणाली, “काऊन गं, नाव चुकीचं टाकून पाह्यलं का?”

“चुकीचं म्हणजे?”

“वेलांटी पहिली देऊन पाह्य ना.”

मला हे खरंच सुचलं नव्हतं. बाबांच्या नावातली वेलांटी दुसरी. हे मी चालायला लागायच्या आधी शिकले असेन. मतदानयंत्रावरचं नाव त्यांनी निवडणूक कार्यालयात खेटे घालून, तिथल्या कारकुनाला जेरीस आणून दुरुस्त करून घेतलं होतं. साइटवाल्यांपर्यंत मात्र त्यांचे हात पोचले नव्हते. आमच्या घरात एक वेळ खोटं बोललेलं चालायचं, पण पहिली वेलांटी द्यायला माझं बोट धजेना. शेवटी तिनेच माझा फोन घेऊन वेलांटी देऊन टाकली. बाबा ताबडतोब सापडले.

पहिल्या तिघांत हजारांची मारामारी चालली होती. पार खाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, बाबा आणि त्यांच्याखाली नोटा. यादीत नोटा नेहमी शेवटीच असतो, पण मतं त्याला बाबांपेक्षा नऊ जास्त.

मैत्रिणीने ही हकिगत पुढच्या सीटवर सांगितली, तिथून ती ड्रायव्हरपर्यंत गेली. बसमधल्या निम्म्या लोकांनी आपापले पक्ष सोडले आणि आमचा प्रभाग उघडला. तोही पहिली वेलांटी देऊन. ड्रायव्हर हिंजवडीकडचाच. प्रत्येक सिग्नलला मान मागे वळवून विचारायचा, “म्हाताऱ्याचं काय हाय आता?”

“नोटा पुढे आहे अजून.”

“आयला, त्यो कोन हाय नोटा? कुठल्या पार्टीचा?”

चांदणी चौकाच्या आसपास पुढची फेरी आली आणि बाबा दोन मतांनी वर गेले. बसमध्ये टाळ्या. त्याच्या पुढच्या फेरीत नोटा पुन्हा वर. मागच्या सीटवरून कोणीतरी नोटाला पुणेरी शिवी घातली, म्हणजे फक्त “वा!” म्हटलं. मग वाकडच्या कोंडीत नेटवर्क गेलं आणि सगळ्या फोनांवर नुसतं चक्र फिरत राहिलं. दुधाच्या पिशवीसाठी उभे असलेले बाबा आणि त्यांच्याकडे बघून हसणारी गल्ली मला डोळ्यांसमोर दिसत होती.

नेटवर्क आलं तेव्हा शेवटची फेरी संपली होती. बाबांना तीनशे बारा. नोटाला तीनशे एक. बसमध्ये इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या बसमधली माणसं खिडक्या उघडून बघायला लागली. त्या प्रभागात निवडून कोण आलं, ते आमच्या बसमध्ये शेवटपर्यंत कोणी पाहिलं नाही.

मी घरी फोन लावला. या वेळी बाबांनीच उचलला.

“बाबा, वर आहात. अकरा मतांनी.”

“एकूण किती?”

“तीनशे बारा.”

मला वाटलं, आता नोटाच्या व्याकरणाबद्दल काहीतरी ऐकायला मिळणार.

“तीनशे बारा माणसं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कोण असतील गं?”

आवाज इतका बारीक आला की बाबाच बोलताहेत ना, अशी मला क्षणभर शंका आली. भर बसमध्ये, सगळ्यांच्या देखत मी रडले.

मतदान गुप्त असल्यामुळे कोण, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. बाबांना दोघा-तिघांचा संशय होता, पण विचारायचं कसं? त्यावर त्यांनी आपल्या परीने तोडगा काढला. दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत दिसेल त्याला नमस्कार घालायला लागले. वाण्याला, इस्त्रीवाल्याला, पार्किंगवरून बोलणं टाकलेल्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनासुद्धा. लोक आधी बिचकले. पोटनिवडणूक लागली का, म्हणून एकाने आईला विचारलंही.

हे महिनाभर चाललेलं बघून आईने जेवताना ऐकवलं, “अहो, नमस्कार निवडणुकीच्या आधी घालायचे असतात.”

बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, “आधी मला कुठे माहीत होतं?”